दाभोळचा धडा आणि डेटा सेंटरची घाई

विकास नावाचा पाहुणा कोकणाच्या दारी येतो तेव्हा रिकाम्या हाताने येत नाही; त्याच्या हाती आकड्यांची पेटी असते. गुंतवणुकीचा आकडा हजारो कोटींचा, रोजगाराचा आकडा हजारोंचा. जमिनीचा, पाण्याचा आणि विजेचा आकडा मात्र खोदून विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्याने हा पाहुणा पुष्कळ वेळा पाहिला आहे. १९९२ मध्ये तो दाभोळला वीज घेऊन आला, त्याच सुमारास रत्नागिरी शहराजवळ झाडगावला तांबे घेऊन आला, पुढे माडबनला अणुशक्ती घेऊन आला आणि नाणार-बारसूला तेल घेऊन आला. आता महाराष्ट्रात तो नव्या वेषात वावरतो आहे. त्या वेषाचे नाव ‘डेटा सेंटर’.

आज ही केंद्रे मुख्यत्वे मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल या पट्ट्यात एकवटलेली आहेत. देशातील एकूण क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा याच पट्ट्याकडे आहे, कारण समुद्राखालून परदेशांशी जोडणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि बँका, शेअर बाजार व मोठे ग्राहक तेथेच आहेत. मग रत्नागिरीकरांनी या विषयात तोंड का घालावे, असे कोणी विचारील. आम्ही त्याची दोन कारणे सांगतो. एक, मुंबईत जमीन आणि वीज दोन्ही महाग होत चालली आहेत, आणि मोकळा सडा व समुद्र या दोन्ही गोष्टी आमच्याकडे आहेत. असा पाहुणा दक्षिणेकडे सरकायला वेळ लागत नाही. दुसरे, अशा पाहुण्याचा करार कसा वाचावा याचा अनुभव महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यापेक्षा आमच्या पदरी अधिक आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही. बैल गेल्यावर झोपा करण्यात शहाणपण नसते. जे बोलायचे ते आधी बोलले पाहिजे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते साध्या शब्दांत पाहू. डेटा सेंटर म्हणजे माहितीचे गोदाम. खिडक्या नसलेली मोठी इमारत, तिच्यात ओळीने उभी केलेली हजारो संगणकयंत्रे, रात्रंदिवस चालणारी. या यंत्रांना अखंड वीज लागते. त्यांनी खाल्लेल्या विजेची अखेर उष्णताच होते, म्हणून ती उष्णता बाहेर काढण्यासाठी शीतयंत्रणा लागते. शीतयंत्रणेला पुन्हा वीज, आणि अनेक ठिकाणी पाणी. वीज गेली तर क्षणभरही थांबता येत नाही, म्हणून डिझेलची जनित्रे सज्ज ठेवावी लागतात. आपण फोनवर छायाचित्र पाठवतो, बँकेचे पैसे वळते करतो, यंत्राला प्रश्न विचारून उत्तर मिळवतो, ते सारे ‘ढगात’ साठते असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. तो ढग जमिनीवरच असतो, आणि त्या जमिनीला सातबारा असतो.

आम्ही यंत्रांचे वैरी नाही, हे येथेच स्पष्ट करतो. आखातात किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाचा पगार आज घरच्या खात्यात क्षणात जमा होतो, तलाठ्याच्या दप्तरातील उतारा संगणकावर मिळतो, आजारी वृद्धेला अंथरुणावरून मिस्सा पाहता येते. या सोयी नाकारण्याचा ढोंगीपणा आम्ही करणार नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला, तोही आम्हांस योग्य वाटतो. देशाची माहिती देशात राहावी, त्यासाठी गोदामे लागतील, आणि ती कुठेतरी बांधावी लागतील, हे उघड आहे. आमचा प्रश्न गरजेबद्दल नाही. गरजेच्या नावाखाली जे मागितले जाते त्याचे माप आणि त्यामागचा हेतू यांबद्दल आहे.

माप समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन ते तपासून पाहावे. शंभर मेगावॅटचे एक डेटा सेंटर वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले तर ते ८७ कोटी ६० लाख युनिट वीज खाईल. महिन्याला शंभर युनिट वापरणारे एक साधे घर वर्षाला १२०० युनिट वापरते. म्हणजे हे एक केंद्र ७ लाख ३० हजार घरांइतकी वीज घेईल. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती; चार माणसांचे एक घर धरले तर सारी घरे मिळून चार लाखांच्या आसपास. आणि शंभर मेगावॅट हा आता मोठा आकडा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवण्याची जी घोषणा केली ती गिगावॅटच्या, म्हणजे हजार मेगावॅटच्या भाषेत केली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातील डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होऊन ९४५ अब्ज युनिटांपर्यंत जाईल.

आता पाणी. शंभर मेगावॅटची सारी उष्णता पाण्याची वाफ करून घालवायची ठरवले, तर एका युनिटामागे साधारण दीड लिटर पाणी उडते. दिवसाला २४ लाख युनिट, म्हणजे ३६ लाख लिटर पाणी रोज. दहा हजार लिटरचे ३६० टँकर. ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी द्यावे असे केंद्र सरकारच्या जलजीवन योजनेचे माप आहे. त्या मापाने हे पाणी ६५ हजार माणसांचे होते. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात वाड्यावाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, त्या जिल्ह्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. कंपन्या म्हणतील, नव्या पद्धतीत पाणी फार लागत नाही. ते खरे आहे. पण पाणी वाचवणाऱ्या पद्धतीत वीज अधिक लागते. समुद्राचे पाणी वापरू म्हणतील, तर गरम झालेले पाणी कुठे सोडणार, हा प्रश्न आमचा मच्छीमार जैतापूरपासून विचारतो आहे. उष्णता कुठेतरी जावीच लागते, आणि तिचा भार कुणालातरी सोसावा लागतो.

एवढे मोठे माप मागणाऱ्याचा हेतू ओळखायचा कसा? माणसाच्या मनात शिरता येत नाही, आणि भाषणावरून तर काहीच कळत नाही. दाभोळने आम्हांस शिकवले ते असे की, हेतू करारात वाचावा. धोका कुणाच्या अंगावर टाकला आहे आणि नफा कुणाच्या नावे लिहिला आहे, ही दोन कलमे सापडली की हेतू आपोआप उघडा पडतो.

ती कथा नव्या पिढीला सांगितली पाहिजे. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीचे शिष्टमंडळ भारतात आले आणि काही दिवसांतच, २० जूनला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर समझोता होऊन गुहागर तालुक्यातील प्रकल्पाचा पाया घातला गेला. स्पर्धात्मक निविदा नाहीत, उघड चर्चा नाही. १९९३ मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही असे सांगून कर्ज देण्यास नकार दिला, तरी त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. त्या कराराचे मर्म असे होते की, वीज घेतली काय आणि न घेतली काय, मंडळाने क्षमतेचा आकार भरलाच पाहिजे, आणि तोही डॉलरशी बांधलेला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार रद्द केला. थोड्याच महिन्यांत, जानेवारी १९९६ मध्ये, त्याच सरकारने तो पुन्हा मान्य केला, आणि प्रकल्प २०१५ मेगावॅटवरून २१८४ मेगावॅटपर्यंत वाढला. विरोध करणाऱ्या गावांवर काय गुजरले ते मानवी हक्कांच्या अहवालांत नोंदलेले आहे. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पहाटे पोलिस शिरले आणि स्त्रियांना धरून नेले. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्या विजेचा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले, आणि २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉनने दिवाळे जाहीर केले.

त्यानंतर त्या सांगाड्याचा भार कुणी उचलला? सरकारी कंपन्यांनी. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. पुढे वायूच्या टंचाईमुळे तीही दीर्घकाळ अडखळत राहिली. कंपनी बुडाली, तिचे साहेब गेले, आणि अंजनवेलच्या किनाऱ्यावरचा पसारा जनतेच्या खात्यावर पडला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण कोकणात जुनी आहे. दळणारा कोण होता हे आम्हांस त्या वर्षांत कळले.

या कथेत आजच्या विषयाशी थेट जुळणारा एक धागा आहे, तो बहुतेकांस ठाऊक नसेल. वीज विकणारी हीच एन्रॉन कंपनी शेवटच्या वर्षांत इंटरनेटच्या वेगाचा व्यापार करू लागली होती. तारांतून घरोघर चित्रपट पोहोचवण्याचा एक करार तिने जुलै २००० मध्ये अमेरिकेत केला. ती सेवा नीट सुरूही झाली नव्हती, तोच भविष्यातील कमाईच्या भरवशावर ११ कोटी डॉलरांहून अधिक नफा तिने आपल्या वहीत लिहून टाकला. घोषणा हाच माल, आणि भविष्य हीच कमाई, असा तो धंदा होता. आज डेटा सेंटरच्या घोषणा वाचताना आम्हांस त्या वहीची आठवण होते, ती उगाच नव्हे.

आता आजचे करार आणि आजच्या सवलती पाहा. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. म्हणजे रस्ते, पूल, बंदरे यांच्या पंक्तीला बसवले, जेणेकरून दीर्घ मुदतीचे कर्ज सुलभ व्हावे. महाराष्ट्राच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्क यांत सवलती आहेत. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पाने आणखी पुढचे पाऊल टाकले: भारतातील डेटा सेंटर वापरून जगभरच्या ग्राहकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना २०४७ पर्यंत करसवलत. या शेवटच्या वाक्यावर वाचकांनी क्षणभर थांबावे. देशाची माहिती देशात ठेवण्यासाठी ही केंद्रे हवीत असे आम्हांस सांगितले गेले. मग जगभरच्या ग्राहकांसाठी ही वीस वर्षांची मुभा कशाला? वीज आमची, पाणी आमचे, जमीन आमची, उष्णता आमच्या आकाशात. सेवा जगाला, आणि नफ्यावरचा कर माफ. शेतकऱ्याच्या कर्जमाफीला ‘फुकटेपणा’ म्हणणारे अर्थशास्त्री या माफीला काय म्हणतात, हे आम्हांस ऐकायचे आहे.

रोजगाराचा आकडाही असाच तपासून घ्यावा. ॲमेझॉनने २०२५ मध्ये महाराष्ट्रात २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले, आणि त्यासोबत ८१ हजारांहून अधिक रोजगारांचा आकडा आला. हा आकडा ‘पुरवठा साखळीतील’ रोजगारांचा आहे. म्हणजे बांधकाम, वाहतूक, देखभाल, दुरुस्ती असे सारे त्यात धरलेले. इमारत उभी राहीपर्यंत माणसे लागतात, हे खरे. उभी राहिल्यावर मात्र त्या धंद्याचे स्वरूपच असे की यंत्रे हजारो आणि माणसे थोडी. गावच्या मुलाला तेथे कोणते काम मिळेल? पहारेकऱ्याचे, झाडलोटीचे, आणि तेही ठेकेदाराच्या हाताखाली. शंभर मेगावॅट वीज खाणारा दुसरा कारखाना इतक्या थोड्या पगारपत्रकांवर क्वचितच चालत असेल.

मग हा आटापिटा कशासाठी? आमचे मत असे आहे की यात निरनिराळ्या मंडळींचे निरनिराळे हेतू एकत्र आले आहेत. बांधकाम व्यवसायातील समूहांना जमिनीचे नवे भाडेकरू हवे आहेत. ज्या हिरानंदानी आणि लोढा यांची नावे वाचकांनी घरांच्या जाहिरातींत पाहिली, तीच नावे आज पनवेल आणि पलावा येथील डेटा सेंटरच्या संदर्भात वाचायला मिळतात. वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगसमूहांना रात्रंदिवस वीज घेणारे हुकमी गिऱ्हाईक हवे आहे. परदेशी कंपन्यांना स्वस्त जागा आणि कमी कर हवा आहे. राज्यकर्त्यांना दावोसहून परतताना सांगण्यासाठी मोठा आकडा हवा आहे. यांतला कोणताही हेतू बेकायदा नाही. धंदा करणाऱ्याने नफा पाहू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण यांतला एकही हेतू रत्नागिरीचा, रायगडचा किंवा पालघरचा माणूस सुखी व्हावा हा नाही. आणि तसा तो आहे असे भासवून जेव्हा सवलती मागितल्या जातात, तेव्हा त्या ढोंगाला ढोंग म्हणणे हे आमचे कर्तव्य ठरते.

जगात इतरत्र काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. आयर्लंडसारख्या छोट्या देशाने करसवलती देऊन ही केंद्रे बोलावली. २०२३ मध्ये त्या देशात मोजलेल्या एकूण विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरनी वापरली. साऱ्या शहरी घरांनी मिळून १८ टक्के. अमेरिकेत ओरेगन राज्यातील द डॅलेस या नदीकाठच्या गावात गुगलचे केंद्र किती पाणी घेते, हे एका वृत्तपत्राने विचारले. नगरपालिकेने उत्तर देण्याऐवजी, हे व्यापारी गुपित आहे असे म्हणून न्यायालयाची पायरी चढली. वर्षभराहून अधिक काळ भांडल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये तिने माघार घेतली, आणि कळले ते असे की गावाच्या पाण्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक वाटा ते एक केंद्र घेत होते. गावाने आपलेच पाणी मोजू नये असा हा न्याय! एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओहायो राज्यातील आपली एक अब्ज डॉलरची डेटा सेंटरची योजना थांबवली. कंपनीला थांबण्याची मुभा असते. तिच्यासाठी वाढवलेली वीजवाहिनी आणि गेलेले शेत यांना ती नसते.

आपल्याकडे तर विचारण्याची वाटही अरुंद आहे. कारखाना किंवा खाण काढायची तर पर्यावरण परवानगीसाठी अनेकदा जनसुनावणी घ्यावी लागते. डेटा सेंटर ही मात्र कायद्याच्या नजरेत इमारत ठरते, आणि २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीची अट नाही. खासगी प्रकल्पासाठी जमीन घेताना ८० टक्के बाधितांची संमती हवी असे २०१३ चा भूसंपादन कायदा म्हणतो. पण औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६१ च्या कायद्याखाली जमीन घेतली की ती संमतीची अट आड येत नाही. म्हणजे एका छोट्या शहराइतकी वीज खाणारी वास्तू गावाच्या सीमेवर उभी राहू शकते, आणि गावाला तिच्याबद्दल एक शब्द बोलण्याचा औपचारिक प्रसंगच येत नाही.

येथे नेहमीचा आक्षेप येतो: कोकणी माणूस प्रत्येक गोष्टीला ‘नको’ म्हणतो, तो विकासविरोधी आहे. या आक्षेपाला रत्नागिरीचा इतिहासच उत्तर देतो. १९९३ मध्ये शहराजवळ येऊ घातलेल्या स्टरलाइटच्या तांबे प्रकल्पाला आंबा बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला, तेव्हाही त्यांना हेच विशेषण मिळाले. प्रकल्प तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तेथे प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात २२ मे २०१८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसे मेली, राज्य सरकारने कारखाना बंद केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. ज्यांना आपण विकासविरोधी म्हटले त्यांनी रत्नागिरीला कशापासून वाचवले, याचा विचार त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी करावा. नाणारचेही तसेच. ‘तीन लाख कोटींचा’ म्हणून मिरवलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. पण त्याआधीच बाहेरच्या मंडळींनी तेथे जमिनी घेऊन ठेवल्याच्या तक्रारी गावोगाव होत्या. प्रकल्प आला नाही, जमिनीचे सौदे मात्र झाले. मग हेतू कोणता होता, तेल की जमीन, असे कोणी विचारले तर त्याला वेडा ठरवता येईल काय?

आपल्या वसईच्या बांधवांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. त्यांच्या वाड्या आणि बागायती बिल्डरांच्या नकाशावर आल्या आणि विहिरींचे गोडे पाणी टँकरमधून बाहेर जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. त्यांनाही विकासाचे शत्रू म्हटले गेले. आज वसईत पाण्याची जी स्थिती आहे, ती पाहून कोण चुकले होते ते ज्याने त्याने ठरवावे. मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले ते सांगताना १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ची आठवण काढली: तेव्हा कारखान्यांनी श्रमिकांपुढे जो प्रश्न टाकला होता, तसाच प्रश्न आज विचार करणाऱ्या यंत्रांनी टाकला आहे. त्या यंत्रांचे घर म्हणजेच डेटा सेंटर. तेव्हा हा विषय केवळ इंजिनिअरांचा आहे असे समजून आपण हात झटकू शकत नाही.

मग आम्हांस काय हवे आहे? केवळ ‘नको’ म्हणून आम्ही थांबत नाही. आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्यांतली एकही अवाजवी नाही. पहिली: अशा प्रत्येक प्रकल्पाचा सरकारशी आणि वीज कंपनीशी झालेला करार, सवलतींच्या रकमेसह, मराठीत छापून ग्रामपंचायतीत ठेवावा, व्यापारी गुपिताची सबब पाणी, वीज आणि जमीन यांना लागू नाही. दुसरी: किती मेगावॅट वीज आणि किती लिटर पाणी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, हे परवानगीपूर्वी लेखी सांगावे, दर वर्षी मोजून जाहीर करावे, आणि त्यासाठी ग्रामसभेपुढे जनसुनावणी सक्तीची करावी. तिसरी: रोजगार म्हणजे इमारत पूर्ण झाल्यावर कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरील कायम नोकऱ्या, अशी व्याख्या करावी आणि सवलती त्या संख्येशी बांधाव्यात. चौथी: पाच वर्षांत प्रकल्प उभा राहिला नाही, तर जमीन मूळ मालकास परत मिळावी, आणि वाढवलेल्या वीजवाहिन्यांचा खर्च कंपनीकडून वसूल व्हावा, घरगुती ग्राहकाच्या बिलातून नव्हे.

ज्याचा हेतू स्वच्छ आहे त्याला या चार अटी जड जाऊ नयेत. देशासाठी खरोखर गरजेचे गोदाम बांधणाऱ्याला आपले पाणी किती आणि वीज किती हे सांगण्यात कसली अडचण? जो या अटी ऐकताच दुसऱ्या राज्यात जाण्याची धमकी देईल, त्याने आपला हेतू स्वतःच सांगितला असे समजावे, आणि त्याला खुशाल जाऊ द्यावे. दाभोळचा करार कुणी वेळीच मराठीत छापून गुहागरच्या पारावर वाचून दाखवला असता, तर पुढची वर्षे वाचली असती.

आमच्या वाचक कुटुंबांना शेवटी एक साधी विनंती. सड्यावरची सामाईक जमीन विकत मागायला कुणी आले, आणि प्रकल्पाचे नाव सांगायला ते कचरत असतील, तर सही करण्याआधी मुंबईतील भावाबहिणींना कळवा आणि तहसील कचेरीत चौकशी करा. ग्रामसभेची नोटीस लागली की घरातले एक तरी माणूस तेथे पाठवा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज दहा रुपयांत करता येतो. चर्चच्या आवारात चार शिकलेल्या तरुणांनी बसून तो लिहायला शिकवावा. अर्जात दोनच प्रश्न असले तरी पुरेत: धोका कुणाचा आणि नफा कुणाचा. त्यांचे उत्तर लेखी आल्याखेरीज कुणीही टाळ्या वाजवू नयेत.